घरात आलेलं दोन हजार तीन साल

सुनेचा भाऊ रविवारी घरी येतो, येऊ दे. भावाने बहिणीच्या घरी यायचं नाही तर जायचं कुठे? पण लागोपाठ तीन रविवार, तेही जेवणं उरकल्यावर, पाठीला काळी बॅग लावून येतो, संध्याकाळ होईपर्यंत जागचा हलत नाही, आणि पानावर बस म्हटलं तर "नको मावशी, जेवून आलोय" म्हणतो, हे हौसाबाईच्या डोळ्यांत खुपत होतं. जेवायला येणाऱ्याचा हेतू कळतो. न जेवता बसणाऱ्याचा कळत नाही.

सुगंधाचा हा भाऊ, पंढरीनाथ, पेणकरपाड्यात राहायचा. चाळिशीला टेकलेला, कपाळ डोक्याच्या मध्यापर्यंत पोचलेलं, मीरा रोडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक दुकान. सुगंधाच्या लग्नाला वीस वर्षं झाली, त्या वीस वर्षांत हा भाऊबीज सोडून कधी फिरकला नव्हता. सुगंधाच्या नवऱ्याला, हौसाबाईच्या जयकुमारला, पक्षाघाताचा झटका आला, त्याचा उजवा हात लुळा पडला, आणि मग ह्याचे पाय बहिणीच्या घराकडे, वरसाव्याकडे वळले. घरातला कर्ता माणूस खुर्चीत बसला की घराकडे कोण कोण वळतं, हे हौसाबाईला कुणी शिकवायला नको होतं.

घर होतंच तसं. खाडीवरच्या पुलाच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यावरून खाली उतरलं की खाडीच्या अंगाला चार खोल्या आणि पुढे ऐसपैस अंगण. अंगणात बांबूची वलांडी, वलांडीवर बोंबील सुकत घातलेले, आणि कावळ्यांनी जवळ येऊ नये म्हणून जुन्या सीड्या दोऱ्याने टांगलेल्या. उन्हात त्या गरगर फिरायच्या आणि चमकायच्या. बिल्डरची माणसं यायची तेव्हा त्या चमकत्या सीड्यांकडे नाही, खालच्या जमिनीकडे बघायची. घराच्या कागदावर एकच नाव होतं, हौसाबाई विठू पाटील. ती सही करत नाही तोवर कुणाला एक वीट हलवता येत नव्हती. अंगठा नाही, सही. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईने पन्नाशीत सही गिरवून घेतली होती, त्यालाही कारण होतं.

तिच्या थोरल्या दिराने एक कागद केला होता. केला शहाण्णव साली, तारीख घातली एक्क्याण्णवची. का, तर एक्क्याण्णवला सासरा जिवंत होता. सासऱ्यानेच खालची वाडी थोरल्याला देऊन टाकली, असं त्या कागदात लिहिलेलं. मेलेला माणूस उठून नाही म्हणायला येत नाही. नवरा विठू कोर्टाच्या पायऱ्या चढून दमला, वाडी गेली ती गेलीच. आज तिथे हॉटेल आहे आणि लग्नाच्या वरातीचे फटाके हौसाबाईच्या पत्र्यावर पडतात. तेव्हापासून तिला अक्षर कमी कळलं तरी आकडा कळायचा. कुठलाही कागद हातात आला की ती आधी तारीख बघायची.

तर पंढरीनाथ कशाला येत होता? म्हणे, खेळ चालू करायला.

खेळ कसला, तर ट्रकचा. घाटातून ट्रक न्यायचा, वळणं घ्यायची, दरीत पाडायचा नाही. जयकुमार बावीस-तेवीस वर्षांचा असताना मासळीचा टेम्पो चालवायचा आणि टेम्पो रिकामा झाला की भाईंदरच्या एका सायबर कॅफेत हाच खेळ खेळत बसायचा. कॅफे बंद पडलं तेव्हा मालकाने त्याला त्या खेळाची सीडी देऊन टाकली. ती इतकी वर्षं कपाटात लग्नाच्या अल्बमखाली पडून होती.

दवाखान्यातली व्यायाम घेणारी दिशा म्हणाली होती, बोटं हलवायला हवीत, रोज, अर्धा अर्धा तास. तिने स्पंजचा चेंडू दिला. जयकुमारने तो खाडीत फेकला. तिने चिमटे दिले, दोरीवर लावायचे आणि काढायचे. जयकुमार म्हणाला, मी काय धुणं वाळत घालणारा आहे? समिधाने, त्याच्या मुलीने, फोनवर नवीन खेळ काढून दिला, पण फोनच्या काचेला त्याची बोटं लागायची एकीकडे आणि काच ऐकायची दुसरीकडे. त्याला हवी होती बटणं. वर, खाली, डावं, उजवं. बोटाखाली दबणारी, दबली की कळणारी. आणि खेळ हवा होता तोच, हाताला माहीत असलेला.

समिधाच्या कॉलेजच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नव्हती. पंढरीनाथने दुकानातून एक चपटी डबी आणली, वायरने जोडायची. सीडी फिरली आणि मशीनने सांगितलं, हा खेळ इथे चालत नाही.

"चालत न्हाय तर न्हाय," हौसाबाई म्हणाली. ती उंबऱ्यात बसून करंदी निवडत होती. "मशीन सांगतंय, आयकायचा."

"मावशी, खेळ जुना आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या विंडोजसाठी केलेला. नवीन विंडोजला त्याची भाषाच कळत नाही."

"मंग?"

"मग नवीनच्या पोटात एक जुनं मशीन उभं करतोय. खोटं खोटं. खेळाला वाटेल आपण आपल्याच काळात आहोत."

हौसाबाईने करंदीचं डोकं मोडलं. घराच्या पोटात घर, आणि तेही खोटं. ज्याला असलं काही जमतं त्याला आणखी काय काय जमत असेल.

पहिला रविवार त्या खोट्या मशीनमध्ये गेला. दुसऱ्या रविवारी खेळ उघडला, पण बटण दाबायच्या आधीच ट्रक दरीत. नवीन मशीन इतकं वेगवान, की खेळातला घाट डोळ्याची पापणी लवायच्या आत संपायचा. जयकुमार हसला. झटक्यानंतर तोंड वाकडं झाल्यापासून तो घरात कुणासमोर हसला नव्हता. सुगंधाने पदर तोंडाला लावला. हौसाबाईने बघितलं आणि मनात म्हणाली, आता ह्याला दाराबाहेर काढणं कठीण.

त्या आठवड्यात एका दुपारी ती शेजारच्या हंसाबेनकडे गेली. हंसाबेनचं फरसाणचं दुकान, आणि मुलगा बोरिवलीला कॉम्प्युटरमध्येच नोकरीला.

"हंसाबेन, एक बात बताव. पुराना गेम चालू करने को कितना टाइम लगता हाय?"

"गेम? मारो निकेत तो दस मिनिट में कर दे, हौसाबेन. क्यूं?"

"दो इतवार लगता हाय?"

हंसाबेनने पापडीचा डबा बंद केला. "दो इतवार में तो वो नया कॉम्प्युटर बना दे."

हंसाबेनच्या निकेतने असला खेळ कधी चालू केला होता की नाही, हे तिने सांगितलं नाही आणि हौसाबाईनेही विचारलं नाही. तिला जे ऐकायचं होतं ते मिळालं होतं.

तिसऱ्या रविवारी खेळ चालला. ट्रकचा वेग आवरला होता, घाट नीट दिसत होता, आणि जयकुमारचा उजवा हात सुगंधाने उचलून बटणांवर ठेवला होता. मधलं बोट हललं. ट्रक डावीकडे वळला. सगळे त्या ट्रककडे बघत होते, म्हणून पंढरीनाथ समिधाला हळू आवाजात काय म्हणाला ते फक्त हौसाबाईने ऐकलं.

"तारीख मागे नेली म्हणून चालतोय. आजची ठेवली तर लगेच बंद पडतो. राहू दे अशीच."

"पण मामा, मग माझं नेट नीट चालत नाही. कुठलीच साइट उघडत नाही, तारीख चुकीची आहे म्हणतात."

"दोन दिवस चालवून घे गं. पप्पांचा हात बघ ना."

तारीख मागे नेली. हौसाबाईच्या हातातला करंदीचा रोवळा मांडीवर कलंडला. ती चष्मा घ्यायच्या निमित्ताने उठली, त्यांच्या पाठीमागून गेली आणि लॅपटॉपच्या खालच्या कोपऱ्यात बघितलं. आकडे बारीक होते, पण आकडेच होते. दोन, शून्य, शून्य, तीन.

दोन हजार तीन. त्या साली विठू जिवंत होता. घर विठूच्या नावावर होतं. आज जर कुणी दोन हजार तीनचा कागद काढला, की विठूने घर मुलाला दिलं आणि मुलाने बायकोला, तर हौसाबाईची सही कुणी विचारायला येणार होतं?

ती रात्रभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर झाली. सकाळी सुगंधा चहा घेऊन आली तेव्हा तिने सुनेचं तोंड निरखलं, जशी ती बंदरावर पापलेटाचे कल्ले उघडून बघायची. आत लाल आहे की काळं पडलंय. सुगंधा म्हणाली, "आई, साखर कमी झाली का?" हौसाबाई म्हणाली, "न्हाय, साखर बरोबर हाय," आणि चहा बशीत ओतला.

बुधवारी तिला कागद सापडला.

समिधाच्या टेबलावर, पुस्तकाखाली, कोपरा बाहेर आलेला. छापलेला, स्वच्छ, झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला. हौसाबाईने चष्मा लावला. वर लांबलचक ओळी होत्या, त्यांच्या नादी ती लागली नाही. तिने जे वाचता येतं ते वाचलं. जयकुमार विठू पाटील. घर क्रमांक, तो तर तिला झोपेतही ओळखता आला असता. खाली सहीची जागा, कोरी, आणि दुसऱ्या सहीची आणखी एक जागा, तीही कोरी. आणि उजव्या हाताला वर तारीख. साल दोन हजार तीन.

कुणाला वाचून दाखव म्हटलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. हंसाबेनचा निकेत होता, देवळातला पुजारी होता, खुद्द समिधा तासाभरात कॉलेजातून येणार होती. पण हौसाबाईने आयुष्यात कुणाला वाचून दाखव म्हटलं नव्हतं. विठूचे कोर्टाचे कागदसुद्धा ती वकिलाच्या तोंडावरून वाचायची. शिवाय आता घरात कोण कुणाचं, हेच ठरायचं होतं. तिने कागदाची घडी केली आणि तांदळाच्या डब्यात तळाशी घातली.

मग तिने विचार केला. तारीख मागे गेली ती खेळासाठी, असं हे लोक म्हणणार. म्हणजे खेळ हा पडदा. पडदा काढला की पुढे काय उभं आहे ते दिसेल. खेळ नसला तर पंढरीनाथ यायचा बंद होतो की आणखी काही निमित्त काढतो, तेही कळेल.

डबीतली सीडी तिने काढून घेतली. तोडायची, तर तुकडे सापडतील. खाडीत टाकायची, तर भरतीने परत अंगणात. लपवायची, तर घरातली एक तरी जागा सुगंधाच्या झाडूपासून सुटते का? तिने अंगणात बघितलं. वलांडीवर पंधरा-वीस सीड्या फिरत होत्या. कुणाच्या लग्नाची, कुठल्या आरतीची, दुकानदाराने फुकट दिलेली. त्यांच्यात आणखी एक लागली तर कावळेसुद्धा मोजणार नव्हते. तिने जाळ्याचा दोरा घेतला, सीडीच्या भोकातून ओवला आणि बोंबलाच्या वरच्या बांबूला बांधून टाकली.

गुरुवारी सुगंधाला डबी रिकामी दिसली. घर पालथं घातलं, भावाला फोन केला. जयकुमार खुर्चीत बसून होता, लॅपटॉप समोर, हात बटणांवर. शुक्रवारी सुगंधाने हात उचलून ठेवला तर त्याने डाव्या हाताने तो खाली ढकलला. शनिवारी त्याने जेवायला नको म्हटलं. हौसाबाई हे सगळं बघत होती आणि स्वतःला सांगत होती, घर राहिलं तर हात बघता येईल. घरच गेलं तर हा हात घेऊन बसायचं कुठे?

रविवारी पंढरीनाथ आला.

"अजून सीडी मिळत नाही म्हणजे? गेली कुठे? चार माणसांच्या घरात?"

"दादा, मी सगळं बघितलं," सुगंधा म्हणाली. "गाद्यांच्या खाली, माळ्यावर."

"दुसरी असती तर मी आणली असती गं. मी चार दिवस शोधतोय, कुणाकडेच नाही. आणि तिची नक्कल करायला गेलं तर ती होत नाही, कुलूप घातलेलं आहे आत. खरी सीडी डबीत फिरत असेल तरच खेळ उघडतो."

निमित्त नाही, सीडीच मागतोय, हौसाबाईच्या मनात आलं. पण मासा गळाला तोंड लावायच्या आधी असाच भोवती फिरतो. ती आत गेली, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि कागद घेऊन आली. तांदूळ झटकले आणि तो लॅपटॉपच्या बटणांवर ठेवला, बरोबर पंढरीनाथच्या बोटांवर.

"आदी ह्या सांग. मंग सीडी."

पंढरीनाथने कागद उलगडला. वाचला. भुवया वर गेल्या. "समिधा, हा तुझा आहे ना?"

"अगं आजी, मी चार दिवस शोधतेय हा," समिधा म्हणाली. "तुझ्याकडे कसा?"

"तारीख कंची हाय त्याच्यावर?"

समिधाने बघितलं आणि तिला हसू फुटलं. "अरे देवा. मी तारीख आपोआप पडू दिली होती. लॅपटॉपने त्याची, मागे नेलेलीच टाकली."

"हसू नको. मी हसन्यासारखा काय बोलले?" हौसाबाई भिंतीला टेकून उभी राहिली. "माजा नवरा जिता हुता त्या साली. लेकाचा नाव हाय, घराचा नंबर हाय, सयांच्या जागा कोऱ्या हायत. आनि तुमचा मामा चार आयतवार माज्या घरात बसून तारीख मागं नेतोय. एकदा माजी वाडी अशीच गेली. मी तवा अडानी हुते. आता न्हाय."

बाहेर वलांडीवर सीड्या बांबूला लागून टिकटिकत होत्या. सुगंधा भावाकडे बघत होती, पंढरीनाथ जमिनीकडे.

"वाच," हौसाबाई समिधाला म्हणाली. "पयल्या अक्षरापासून. मोठ्यानं."

समिधाने वाचलं. अर्ज होता, सरकारी दाखल्याचा. अर्जदारास पक्षाघात झाला असून उजव्या हाताची पकड नाही. अर्जदार स्वतःचा व्यवसाय करण्यास असमर्थ आहे. अर्जदार कुटुंबीयांवर अवलंबून आहे. पहिली सही अर्जदाराची, जमल्यास. दुसरी पालकाची किंवा पत्नीची. घराबद्दल पत्त्यापलीकडे एक अक्षर नव्हतं. समिधा वाचत गेली तसा तिचा आवाज बारीक झाला, कारण ज्याच्याबद्दल हे लिहिलं होतं तो दोन हातांच्या अंतरावर बसला होता.

"बस," जयकुमार म्हणाला. "पुरे झाला."

कागद खरा निघाला होता. पण हौसाबाई एवढ्याने खाली बसणारी नव्हती. कागद वेगळा आणि तारीख वेगळी. "खेळाला तारीख कशाला लागते?" तिने पंढरीनाथला विचारलं. "माज्या लेकाच्या ल्हानपनी भोवरे हुते, त्यांना कोनी साल विचारला न्हाय."

"मावशी, हा कॅफेला भाड्याने दिलेला खेळ आहे. ज्याने दिला त्याने आत मुदत बांधलीय. दोन हजार चार उजाडलं की बंद. म्हणून त्याला सांगायचं, अजून तीनच चालू आहे."

"म्हंजे खोटा बोलायचा."

"मशीनशी."

"आज मशीनशी."

पंढरीनाथचे कान लाल झाले. "मग मी दाखवतो ना. आजची तारीख ठेवतो, तुमच्यासमोर चालवतो, बंद पडला तर माझं खरं. पण दाखवू कसा? सीडीच नाही."

इथे हौसाबाई अडकली. हा खोटं बोलतोय की खरं, हे बघायचं तर सीडी हवी. सीडी आणायची, तर ती कुणी नेली हे उघड होणार. आणि नाही आणली, तर हा आज उठून जाईल आणि ती मरेपर्यंत सुनेच्या तोंडाकडे बघत राहील, लाल की काळं. तिने जयकुमारकडे बघितलं. समोर खेळ नव्हता, नुसता निळा पडदा होता, आणि त्याचं मधलं बोट डावीकडचं बटण दाबत होतं. दाबत होतं, सोडत होतं. त्याचं त्यालाही ते माहीत नसावं.

ती अंगणात गेली. वलांडीपाशी शोधावं लागलं नाही. बाकीच्या सीड्या सुगंधाने बांधलेल्या, साड्यांच्या दुकानातल्या पिशवीच्या नाडीने, बाजारू गाठीत. एकच गाठ जाळ्याची होती, ओढली तर घट्ट होणारी. तिने ती नखाने सोडवली, सीडी नळाखाली धरली, पदराला पुसली आणि आत आणून टेबलावर ठेवली.

सगळ्यांना दोरा दिसला. तो अजून भोकातून लोंबत होता.

"कावळ्यांना?" पंढरीनाथ म्हणाला. "मावशी, आम्ही चार दिवस…"

"आई," सुगंधा म्हणाली. वीस वर्षांत तिचा आवाज सासूसमोर चढला नव्हता, आताही चढला नाही, उलट खाली गेला. "माझ्या भावाला चोर ठरवलंत, ठरवा. मला ठरवलंत, तेही ऐकून घेईन. पण ह्यांनी तीन दिवस हात हलवला नाही. तुम्ही तो बघत होतात."

हौसाबाईकडे ह्याला उत्तर होतं. लेक माझा, घर माझं, आणि बघायचं काय ते मी ठरवीन. ते न बोलता तिने सीडीच्या भोकातला दोरा ओढून काढला.

"लाव," ती पंढरीनाथला म्हणाली. "आदी आजची तारीख."

त्याने आजची तारीख ठेवली. डबीत सीडी घरघरली. पडद्यावर एक चौकट आली, त्यात काहीतरी लिहिलेलं, आणि खेळ मिटला.

"परत."

परत तेच झालं. मग त्याने साल मागे नेलं. हौसाबाई वाकून आकडे बघत होती. सीडी घरघरली, खोकली, थांबली, पुन्हा फिरली. बराच वेळ काही आलं नाही. पंढरीनाथने ती बाहेर काढून उजेडात धरली. वाऱ्याने बांबूवर आपटून आपटून वरचा चंदेरी पापुद्रा दोन ठिकाणी उडाला होता, आरपार दिसत होतं. त्याने ती पुन्हा घातली. ह्या वेळी घाट आला.

"तीन रस्ते होते," तो थोड्या वेळाने म्हणाला. "एकच उघडतोय. बाकीचे दोन वाचताच येत नाहीत. गेले."

कुणी हौसाबाईकडे बघितलं नाही, ते तिला बघण्यापेक्षा जास्त लागलं.

जयकुमारने हात उचलला नाही, पण सुगंधाने उचलला तेव्हा ह्या वेळी ढकललाही नाही. ट्रक निघाला. पहिल्या वळणाला दरीत गेला. दुसऱ्यांदा दुसऱ्या वळणाला. तिसऱ्यांदा मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही हलली, आणि ट्रक चार वळणं पार करून एका मोरीच्या कठड्याला लागला. जयकुमारने शिवी दिली. स्पष्ट दिली, सगळी अक्षरं जागेवर. हौसाबाईने आयुष्यात पहिल्यांदा लेकाला शिवीबद्दल काही म्हटलं नाही. पडद्याच्या कोपऱ्यात दोन हजार तीन होतं. त्या साली हाच हात टेम्पोच्या स्टिअरिंगवर असायचा आणि घरी आल्यावर त्याला मासळीचा वास यायचा.

पाच वाजता पंढरीनाथने वायर गुंडाळायला घेतली.

"मी सुगंधाला सगळं लिहून देतो," तो म्हणाला. "कसं चालू करायचं, तारीख कशी बदलायची. आता माझं इथे काम नाही. पुढच्या रविवारपासून मी येणार नाही, मावशी."

"डबी ठेव," हौसाबाई म्हणाली.

"डबी ठेवतोच आहे."

"आनि दोन रस्ते गेले त्येंचा काय?"

"ते तुम्ही घालवलेत."

"मी कुटं न्हाय म्हनतंय? मी घालवले." ती एवढं बोलली आणि पदर खोचला, जणू कुणाचा वाद मिटवून आली होती. "तुज्या दुकानात शंभर लोकं येतात. कोनाच्या तरी कपाटात अशीच सीडी पडून आसल. विचार. मिळाली की घेऊन ये. न्हाय मिळाली तरी ये, तारीख तू मागं नेलीस, समिधाला तिच्या कालेजसाठी पुढं लागते. दर आयतवारी मागं न्यायची, संध्याकाळी पुढं आनायची. माज्या म्होरं."

"मी येणार नाही म्हणालो, मावशी."

"मी आयकला." ती लॅपटॉपसमोरच्या स्टुलावर बसली आणि नाकावर चष्मा चढवला. "आता पुढं आन."

पंढरीनाथने बहिणीकडे बघितलं. सुगंधा जयकुमारची बोटं एकेक करून चोळत होती, तिने मान वर केली नाही. त्याने उसासा सोडला, वाकला आणि तारीख आजची केली.

हौसाबाईने बोट पडद्याला जवळजवळ टेकवून आकडे वाचले. दिवस. महिना. सालाचे चारही आकडे, एकेक. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"तीन मिन्टं मागं हाय," ती म्हणाली. "ती कोनी ठेवली?"